‘मी विश्वास ठेवतो’ : कॅथॉलिक मतांगीकाराची ओळख

वसईच्या पट्ट्यातील एखाद्या गावात, नाहीतर अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपुराकडच्या एखाद्या वस्तीत रविवारी सकाळी कॅथॉलिक देवळावरून जाण्याचा प्रसंग आला, तर थोडे थांबून ऐका. फादरांचे प्रवचन संपते, क्षणभर शांतता होते, आणि मग म्हातारेकोतारे, बायका, पोरेसोरे, सगळी उभी राहून एका सुरात काहीतरी म्हणू लागतात. ते गाणे नव्हे. ते देवापाशी केलेले मागणेही नव्हे. त्यात पावसापाण्याचे, पिकाचे, मुलाबाळांच्या आरोग्याचे नाव नसते. देव, त्याचा पुत्र, पवित्र आत्मा यांविषयी काही वाक्ये असतात आणि मध्येच एका रोमन सुभेदाराचे नाव येते.

हाच कॅथॉलिक लोकांचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली. जपमाळेच्या प्रार्थनेचा आरंभही याच कबुलीने होतो. कॅथॉलिक घरातील सहा-सात वर्षांचे मूल ती घडाघडा म्हणून दाखवते. परंतु ‘याचा अर्थ काय रे?’ असे विचारले की ते गप्प होते. आणि शाळेत शेजारचा मुलगा ‘तुमचे देव तीन ना?’, ‘तुम्ही मरियेची पूजा करता ना?’ असे विचारू लागला, म्हणजे तर त्या मुलाची फारच पंचाईत होते. गुरुजींकडे पाहावे, तर पुष्कळदा गुरुजींनाही ठाऊक नसते. पिढ्यान्‌पिढ्या एका पाणवठ्यावर पाणी भरणारी माणसे एकमेकांच्या श्रद्धेविषयी अंदाजावर बोलत राहतात. अंदाजाची अफवा होते आणि अफवेचा दुरावा होतो. तो होऊ नये एवढ्यासाठी आज ही ओळख करून घ्यावयाची आहे. कोणी कोणाचे मत स्वीकारावे हा हेतू नाही. शेजाऱ्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत समजून घ्यावे, एवढेच.

ही वाक्ये आली कोठून?

लॅटिन भाषेत या प्रार्थनेचा पहिला शब्द ‘क्रेदो’ असा आहे. त्याचा अर्थ ‘मी विश्वास ठेवतो’. गोव्याच्या कोंकणीत हिला ‘सत मानतां’ म्हणतात, म्हणजे ‘मी सत्य मानतो’.

आता ‘विश्वास’ हा शब्द आपण दोन तऱ्हांनी वापरतो. ‘उद्या पाऊस पडेल असा माझा विश्वास आहे’ हा झाला अंदाज. ‘माझा माझ्या भावावर विश्वास आहे’ ही गोष्ट वेगळी. तेथे आपण भावाविषयी मत सांगत नाही, त्याच्यावर भार टाकतो. वेळ पडली तर त्याच्या शब्दावर जमीन गहाण ठेवतो. मतांगीकारातला विश्वास हा दुसऱ्या जातीचा आहे.

कॅथॉलिकांत दोन मतांगीकार प्रचारात आहेत. लहान आहे त्याला प्रेषितांचा मतांगीकार म्हणतात. येशूच्या बारा प्रेषितांनी एकेक वाक्य सांगून तो रचला, अशी एक जुनी आख्यायिका आहे. इतिहासाला ती मान्य नाही. त्याचे मूळ आहे ते पहिल्या काही शतकांत रोम शहरी चालणाऱ्या स्नानसंस्कारात, म्हणजे बाप्तिस्म्यात. दीक्षा घेणारा माणूस पाण्यात उभा राही. त्याला विचारीत, ‘पित्यावर तुझा विश्वास आहे काय?’ तो म्हणे, ‘आहे.’ मग त्याला पाण्यात बुडवीत. नंतर पुत्राविषयी प्रश्न, पुन्हा उत्तर, पुन्हा बुडी. नंतर पवित्र आत्म्याविषयी. तीन प्रश्न, तीन उत्तरे, तीन बुड्या. ही उत्तरे हळूहळू भरत गेली, घोटली गेली आणि आठव्या शतकाच्या सुमारास आजचा पाठ स्थिर झाला. ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथॉलिक देवळात आजही हे प्रश्न विचारले जातात आणि लोक हातात पेटती मेणबत्ती घेऊन उत्तरे देतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढच्या साऱ्या विवेचनाची किल्ली तीच आहे. मतांगीकारातील प्रत्येक वाक्य हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न कळला की वाक्य कळते. प्रश्न सोडून नुसते उत्तर पाठ केले, की ते कोड्यासारखे वाटू लागते.

देव एक की तीन?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो आजकालचा नाही. इसवी सनाच्या चौथ्या शतकात याच प्रश्नावरून सारे ख्रिस्ती जग ढवळून निघाले होते.

येशू यहुदी घराण्यात जन्मला. ‘देव एकच आहे’ हा यहुदी धर्माचा पाया. त्याचे पहिले शिष्यही यहुदीच. पण येशूच्या मृत्यूनंतर हेच एकेश्वरवादी लोक त्याला ‘प्रभू’ म्हणून प्रार्थना करू लागले. मग प्रश्न उभा राहिला: हा येशू कोण? इजिप्तमधील आलेक्झांड्रिया नगरीत आरियस नावाचा एक धर्मगुरू होता. तो म्हणे, पुत्र थोर खरा, साऱ्या सृष्टीच्या आधीचा खरा, पण तोही देवाने निर्माण केलेलाच. तो नव्हता असा एक क्षण होताच. ऐकायला हे सोपे, सुटसुटीत वाटते. परंतु विरोधकांनी म्हटले, तसे असेल तर आपण आजवर एका निर्मित वस्तूची पूजा करीत आलो. आणि आपल्या दुःखात उतरला तो देव नव्हे, देवाने पाठविलेला कोणी चाकर, असे होईल.

वाद विकोपाला गेला, तेव्हा सम्राट कॉन्स्टंटाइन याने ३२५ साली निकिया येथे बिशपांची परिषद भरविली. हे गाव आजच्या तुर्कस्तानात असून त्याला आता इझनिक म्हणतात. तेथे ठरले की पुत्र हा निर्माण केलेला नाही. तो पित्यापासून आहे, पण पित्याच्याच तत्त्वाचा आहे. ‘एकतत्त्व’ या अर्थाचा जो ग्रीक शब्द तेथे घातला गेला, तो बायबलात नाही म्हणून कित्येकांना खटकला. परिषद उठली तरी वाद मिटला नाही. राजसत्तेचे वारे आरियसच्या पक्षाकडे फिरले. निकियाच्या बाजूचा कैवारी अथनेशियस याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. शेवटी ३८१ साली कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्तारून मोठा मतांगीकार पुरा झाला. बहुतेक रविवारी मोठ्या प्रार्थनेत म्हणतात तो हाच. २०२५ साली निकियाच्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली.

कोणी कोणी सांगतात की, निकियात मते मोजून येशूला देव ठरविले, किंवा बायबलात कोणती पुस्तके घ्यावयाची ते तेथे ठरले. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. येशूची उपासना त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. तिचा अर्थ काय, एवढाच तेथे वाद होता. बायबलातील पुस्तकांची यादी हा तर तेथे विषयच नव्हता.

तर मग उत्तर काय? कॅथॉलिक माणूस म्हणतो, देव एकच. पण त्या एका देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे आहेत. तत्त्व एक, व्यक्ती तीन. शिक्षकबंधूंना येथे एक सूचना करावीशी वाटते. पाणी, बर्फ आणि वाफ हा दृष्टान्त मुलांना चटकन पटतो, म्हणून पुष्कळजण तो देतात. ख्रिस्ती धर्मपंडितांना मात्र तो मान्य नाही. तेच पाणी बर्फ झाले म्हणजे वाफ राहत नाही. येथे तर तिघे एकाच वेळी आहेत आणि एकमेकांवर प्रेम करतात. एकच माणूस कोणाचा बाप, कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा असतो, हा दृष्टान्तही असाच फसतो, कारण तेथे माणूस एकच आणि नाती तेवढी तीन. आपल्याकडची ब्रह्मा, विष्णू, महेश ही कल्पना पुढे करावी, तर तेथे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामाची वाटणी सांगतात. येथे तशी वाटणी नाही. संत ऑगस्टीन याने सुचविलेली वाट त्यातल्या त्यात जवळची आहे: प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम करावयाचे तो, आणि ते प्रेम. देव हा मुळातच प्रेम असेल तर तो एकलकोंडा कसा असेल, असा त्यातला विचार. तरीही हे गूढ आहे, असे कॅथॉलिक माणूस स्वतःच सांगतो. ते गणिताचे उदाहरण समजून सोडवू गेले, तर तीन बरोबर एक असे चुकीचेच उत्तर येणार.

अवतार, सुभेदार आणि अधोलोक

दुसरा प्रश्न आपल्याकडे साहजिकच येतो. येशू हा अवतारच ना? मराठी ख्रिस्ती लेखनातही कधीकधी ‘अवतार’ हा शब्द वापरलेला आढळतो. पण फरक ध्यानात घ्यावा. कॅथॉलिक समजुतीप्रमाणे देव एकदाच माणूस झाला, पुन्हापुन्हा नाही. आणि त्याने माणसाचे नुसते रूप घेतले नाही. त्याला भूक लागली, तो थकला, रडला, घाबरला आणि मेला. माणूसपण सोडून तो परत गेला असेही ते मानीत नाहीत.

म्हणूनच त्या सुभेदाराचे नाव प्रार्थनेत आहे. पंतय पिलात हा यहुदिया प्रांताचा रोमन सुभेदार होता. इ. स. २६ ते ३६ हा त्याचा कारभाराचा काळ. येशूला क्रूसावर देण्याचा हुकूम त्याचा. एका जुलमी अधिकाऱ्याचे नाव रविवारच्या रविवारी कशाला घ्यावयाचे? एवढ्याचसाठी, की ही गोष्ट ‘कोणे एके काळी’ची नव्हे. अमक्या अमलात, अमक्या अधिकाऱ्याच्या हुकमाने ती घडली. सातबाऱ्यावर तलाठ्याचा शिक्का असावा, तशी ही तारखेची खूण आहे. १९६१ साली कैसरिया येथील प्राचीन नाट्यगृहाच्या उत्खननात एक दगड सापडला. जुना दगड उचलून पायऱ्यांच्या कामी लावलेला होता. त्यावर सम्राट तिबेरियाच्या नावाबरोबर पिलाताचे नाव आणि हुद्दा कोरलेला आहे.

येथे आणखी एक गोष्ट नजरेस आणतो. मतांगीकाराचे पहिलेच वाक्य देवाला सर्वसमर्थ म्हणते. मग कोणीही दुःखी माणूस विचारील, ‘देव सर्वसमर्थ, तर माझे लेकरू का गेले? पाऊस का गेला? कर्ज डोक्यावर असताना बैल का बसला?’ मतांगीकार याचे स्पष्टीकरण देत नाही. ‘तुझे पाप होते’ असे म्हणत नाही, ‘तुझ्या भल्यासाठी झाले’ असेही म्हणत नाही. सर्वसमर्थ देवाचे नाव घेतल्यावर तो फारसा थांबतच नाही. दोनचार वाक्यांत त्या देवाच्या पुत्राने दुःख सोसले, तो मेला, त्याला पुरले, येथवर येऊन पोहोचतो. कॅथॉलिक घरात मयत झाली की रात्री जपमाळ म्हणतात, तेव्हा ही वाक्ये पुन्हा येतात. ती त्या घराला कारण सांगत नाहीत, सोबत देतात. श्रद्धेचे म्हणून जे काही बळ आहे, ते येथे आहे. शेजारच्या ख्रिस्ती घरी आपण समाचाराला गेलो, तर कानावर पडते ते हेच.

त्यानंतर तो ‘अधोलोकात’ उतरला असे येते. त्यावरून येशू नरकात गेला काय, असे मुले विचारतात. मूळ शब्दाचा अर्थ शिक्षेचा नरक असा नाही. जुन्या यहुदी कल्पनेप्रमाणे मेलेली सारी माणसे, बरी आणि वाईट, ज्या छायेच्या लोकात जात, तो हा अधोलोक. येशू खरोखर मेला, मेलेल्या माणसांत जाऊन मिळाला आणि त्याच्या आधी मेलेल्यांनाही त्याने तारणाची वार्ता दिली, असा त्या शब्दाचा भाव.

शेवटी देहाचे पुनरुत्थान येते. हा पुनर्जन्म नव्हे. पुनर्जन्मात आत्मा जुने वस्त्र टाकून नवे घ्यावे तसा दुसरा देह घेतो. कॅथॉलिक मताप्रमाणे जन्म एकच, आणि देह हे टाकाऊ वस्त्र नव्हे. तो त्या माणसाचाच भाग आहे. म्हणून शेवटी देव देहासकट माणसाला उठवील, पण बदललेल्या, अविनाशी स्थितीत. मृताला पुरण्याची रूढी याच भावनेतून आली. मात्र १९६३ पासून दहन करण्यासही रोमने मुभा दिलेली आहे. अस्थी व राख विखरून न टाकता पवित्र जागी जपून ठेवावी, एवढी अट आहे.

‘कॅथॉलिक’ म्हणजे काय?

मतांगीकारात पवित्र कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा उल्लेख आहे. हा पंथाचा शिक्का वाटतो, पण मुळात तसा नाही. ग्रीक भाषेत ‘कॅथॉलिक’ म्हणजे समग्र, सर्वांचा. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी आपल्या पत्रात तो प्रथम वापरलेला दिसतो. एखाद्या गावाची, जातीची, भाषेची नव्हे, तर सर्व लोकांची जी सभा ती कॅथॉलिक. म्हणूनच कित्येक प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही हाच मतांगीकार म्हणतात. तेथे मराठीत त्या जागी ‘सार्वत्रिक’ असा शब्द येतो. आपल्याकडे सगळे ख्रिस्ती एकच असे धरून चालतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि पंडिता रमाबाई ही प्रॉटेस्टंट मंडळी होती; वसईचे बहुसंख्य ख्रिस्ती कॅथॉलिक. पोपचे स्थान, संस्कारांची संख्या, मरियेचा मान अशा बाबतीत त्यांच्यात मतभेद आहेत. मतांगीकाराचा गाभा मात्र दोघांचा एकच.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि रोम यांच्यात १०५४ साली जी फूट पडली, तिच्यातही मतांगीकाराचा एक मुद्दा होता. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, या जुन्या वाक्यात पश्चिमेने ‘आणि पुत्रापासून’ एवढे शब्द वाढविले होते. सर्वांनी मिळून केलेल्या दस्तऐवजात एकट्याने शब्द घालावा काय, हा पूर्वेचा आक्षेप. खरेदीखतात एक शब्द वाढला तर काय होते, हे शेतकऱ्याला निराळे सांगावयास नको.

मरिया, संत आणि मूर्ती

‘तुम्ही मरियेला देवी मानता का?’ याचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. मतांगीकारात मरियेचे नाव एकदाच येते, आणि तेही पुत्राच्या जन्माच्या संदर्भात. ती माणूस आहे, देवाची निर्मिती आहे. ४३१ साली इफिसच्या परिषदेने तिला ‘देवमाता’ म्हटले. त्यातही तिला देवत्व देण्याचा हेतू नव्हता. तिच्या पोटी आलेला तो खरोखर देवच होता, हे सांगावयाचे होते. १८५४ साली रोमने मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा जो सिद्धान्त जाहीर केला, त्याविषयीही घोटाळा होतो. तो येशूच्या जन्माविषयी नाही. मरिया स्वतः आईच्या पोटात आली तेव्हापासून आदिपापापासून मुक्त होती, असे तो सांगतो.

मग तिच्यापुढे हात कशाला जोडतात? आपण आईवडिलांच्या पाया पडतो, गुरुजींच्या पाया पडतो आणि देवाच्याही पाया पडतो. हात तेच असतात, भाव तिन्ही ठिकाणी एक नसतो. कॅथॉलिक शिकवण हेच म्हणते: उपासना एका देवाची, मान संतांचा. मरियेला केलेली विनंती ‘तू दे’ अशी नसते, ‘आमच्यासाठी देवापाशी शब्द टाक’ अशी असते. मूर्तीविषयीचा निर्णय ७८७ साली त्याच निकिया गावी भरलेल्या दुसऱ्या परिषदेत झाला. मूर्तीला दिलेला मान लाकडामातीला नसून, ती ज्याची आहे त्याला पोहोचतो, असे तेथे ठरले. आपल्याकडे हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात ख्रिस्ती लोकांबरोबर इतरही लोक जातात. ‘माउली’ हा शब्द वारकऱ्यांच्या तोंडचाच. तिथल्या गर्दीत सगळ्यांचे मागणे एकच वाटले, तरी कॅथॉलिक माणसाच्या श्रद्धेत ती माउली आहे, देव नाही.

पापांची क्षमा

‘तुमचे बरे आहे! पाप करायचे, फादरांना सांगायचे की झाले!’ हा टोमणा कॅथॉलिक माणसाने हमखास ऐकलेला असतो. पण पापनिवेदनाचा नियम इतका स्वस्त नाही. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, पाप तोंडाने कबूल करावयास हवे आणि झालेले नुकसान शक्य तितके भरून द्यावयास हवे. शेजाऱ्याचा बांध कोरला असेल, तर ‘क्षमा झाली’ म्हणून ती जमीन कसत राहता येत नाही. बांध परत सोडावा लागतो. कोणाची बदनामी केली असेल, तर तिचेही निवारण करावे लागते. क्षमा करतो तो देव. फादर हा त्याचा सेवक. ऐकलेले पाप फादरने कधीही कोणालाही सांगावयाचे नसते. ते गुपित त्याने फोडले, तर तो आपोआप धर्मबहिष्कृत होतो.

पोप कधी चुकतच नाही काय?

गंमत अशी की, मतांगीकारात पोपचे नाव नाही. पोप हा येशूचा शिष्य पेत्र याच्या जागी बसणारा रोमचा बिशप, अशी कॅथॉलिक शिकवण आहे. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत त्याच्या अचूकतेचा सिद्धान्त झाला. पण त्याला कुंपण आहे. श्रद्धा किंवा नीती यांविषयी, साऱ्या ख्रिस्तसभेचा गुरू या नात्याने, सर्वांनी मानावा म्हणून जेव्हा तो अंतिम निर्णय जाहीर करतो, तेव्हाच तो चुकत नाही असे मानतात. १८७० नंतर हा अधिकार एकदाच स्पष्टपणे वापरला गेला. १९५० साली मरियेला देहासह स्वर्गात घेतले गेले, हे जाहीर केले तेव्हा. उद्या पाऊस येईल असे पोप म्हणाले, तर छत्री घ्यावी की नाही हे आपले आपण ठरवावे. आणि पोप पाप करीत नाही, असे तर कोणी म्हणतच नाही. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये सर्वांच्या देखत गुडघे टेकून पापनिवेदन केले होते.

परका धर्म? आणि बाकीच्यांचे काय?

हा गोऱ्यांचा धर्म, असे आपल्याकडे सहज म्हणतात. येशू आशियातला, त्याची बोली अरामी, निकिया आशियात. युरोपात हा धर्म पाहुणा म्हणूनच गेला. आपल्या किनाऱ्यावर मात्र तो मोठ्या प्रमाणात पोर्तुगिजांच्या राजवटीत पसरला, हे खरे. सत्तेच्या बळावर त्या काळी जुलूमही झाले. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय बसले आणि ते कायमचे बंद व्हावयास १८१२ साल उजाडले. हे झाकून ठेवण्याजोगे नाही. पण त्याच काळी फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, येथील भाषा शिकला आणि त्याने मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापले गेले. ख्रिस्ती स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ हा आपला शब्द उचलला. आणि २०२० साली धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. चारशे वर्षे जी श्रद्धा मराठीत बोलते आहे, तिला परकी म्हणताना जरा विचार करावा.

ख्रिस्ती नसलेले सगळे नरकात जाणार, असे मतांगीकार म्हणतो काय? तसे एकही वाक्य त्यात नाही. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही कॅथॉलिक ख्रिस्तसभा नाकारीत नाही. तेथे हिंदू आणि बौद्ध धर्मांचा नावाने उल्लेख आहे. स्वतःचा दोष नसता ज्याला ख्रिस्त कळला नाही, पण जो मनापासून देवाला शोधतो आणि विवेकबुद्धीने चालतो, त्यालाही तारण मिळू शकते, असेही ती म्हणते. तारण ख्रिस्तातूनच होते हा आपला दावा मात्र ती सोडीत नाही. दोन्ही गोष्टी तिने एकत्र धरलेल्या आहेत. आपल्याला दुसरी पटो वा न पटो, पहिली ठाऊक असावी.

शिक्षकांना एक विनंती

गुरुजी, बाई, आपल्या वर्गात एखादे कॅथॉलिक मूल असेल, तर वर्गापुढे उभे करून त्याच्याकडून धर्माचे जाब घेऊ नका. पण इतर मुले विचारू लागली, तर विचारू नका असेही म्हणू नका. निकियात बिशप जमले ते प्रश्नामुळेच, आणि दीक्षेच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसालाही आधी प्रश्नच विचारीत असत. ज्या मतांगीकाराची घडणच प्रश्नोत्तरांतून झाली, त्याला प्रश्नाचे भय नाही. भय आहे ते टोमण्याचे, कारण टोमण्याला उत्तर नको असते. ‘तुमचे देव तीन ना?’ असे हिणवणाऱ्या मुलाला एवढेच शिकवावे की, ‘देव एक म्हणता आणि नावे तीन घेता, ते कसे?’ असे विचार. आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घे.

कॅथॉलिक आईबापांनाही तेवढेच सांगणे आहे. मुलाकडून प्रार्थना पाठ करून घेता, ते चांगलेच. पण रात्री जेवणे झाल्यावर एकेक वाक्य घ्या आणि हे वाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, ते त्याच्याशी बोला. बारा-पंधरा वाक्ये आहेत. आठवड्याला एक घेतले, तरी चार महिन्यांच्या आत ती पुरी होतील. मग शाळेत कोणी विचारले तर ते मूल खाली मान घालणार नाही, चिडणारही नाही. सांगेल, आणि सांगून झाल्यावर कदाचित आपल्या मित्राला विचारील, ‘आता तू सांग, तुमच्या घरी काय म्हणतात?’